अक्काचं एकटीचं गाणं

माझे बाबा गवंडी होते. अख्ख्या कुंभार पिंपळगावात लोकांच्या भिंती त्यांनी ओळंब्यात उभ्या केल्या, पण आमच्या दोन खोल्यांना आतून गिलावा करायला त्यांना कधी सवड झाली नाही. पहाटे ते उंबऱ्याच्या दगडावर थापी घासायचे, कालचं वाळलेलं सिमेंट निघेपर्यंत. त्या खरखरीनं आम्ही जागे व्हायचो. मग मागच्या अंगणात अक्का राख घेऊन भांड्यांना बसायची आणि गायला लागायची. अक्का म्हणजे शकुंतला, माझी मोठी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. जयंतीला विहारासमोर ऐकलेली गाणी तिला एकदा ऐकून पाठ व्हायची. माय चुलीपुढून ओरडायची, "शकू, हळू म्हण, लोक झोपलेत." आणि स्वतःच भाकर थापायचा हात थांबवून ऐकत बसायची. तव्यावरची भाकर करपायची. ती करपलेली भाकर कुणाच्या ताटात जायची हे सांगायला नको. अक्का ती मोडून येसराच्या आमटीत भिजवायची आणि म्हणायची, मला अशीच आवडती.

येसर आता शहरात पाकिटात मिळतं. ते मायच्या येसरासारखं लागत नाही. माय उन्हाळ्यात गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या भाजून जात्यावर दळायची आणि डबा भरून ठेवायची. घरात भाजी नसली की कांदा-लसणाची फोडणी, पाणी आणि दोन मुठी येसर. पुढे आमची गायन पार्टी झाली तेव्हा तालमीच्या दिवशी त्या आमटीत तांब्याभर पाणी जास्त पडायचं आणि सगळ्यांना पुरायचं.

पेटी बाबांनी जालन्याहून आणली. जुनी होती, भात्याला एका बाजूनं चिकटपट्टी लावलेली. एसटीच्या टपावर घालून आणली आणि स्टँडपासून डोक्यावर घेऊन घरी आले. गळा अक्काचा आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, तरी पेटी बाबांनी माझ्यापुढे ठेवली. अक्कालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट सगळ्यात जास्त तीच हरखली. शाळेतून आल्यावर मी पेटीवर बोटं मारत बसायचो, ती ज्वारी निवडत एकेक ओळ म्हणायची आणि मी तो सूर शोधायचो. "ते न्हाई, त्याच्या वरचं," ती मान न उचलता सांगायची. "आता बराबर." वर्षभरात मला पेटी आली. कुणी विचारलं, कुणाकडं शिकला, तर मी सांगायचो, मनानंच शिकलो. इतकी वर्षं मी तेच सांगत आलो. आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय की मला पेटी अक्कानं शिकवली.

पार्टीचं नाव आम्ही नवप्रकाश गायन पार्टी ठेवलं. पेटीवर मी, ढोलकीला रफिक आणि गायला अक्का. कोरसला वस्तीतले दोघे-तिघे असायचे, ते बदलत राहायचे. रफिकचे अब्बा सुतार होते, दोन गल्ल्या सोडून राहायचे. तो घरी उर्दू बोलायचा, आमच्याशी अर्धं मराठी बोलायचा आणि अक्काला आपा म्हणायचा. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर पालं उठली की आमच्या अंगणात तालीम चालायची. गाणी मी लिहायचो. कार्यक्रमात सुरुवातीचा शेर मी म्हणायचो, पुढच्या गाण्याची माहिती मी द्यायचो, पाहुण्यांचे आभारही मीच मानायचो. अक्का माझ्या मागे दोन पावलं उभी असायची, पदर घट्ट खोचून. मग ती काळी पाचच्या उंच पट्टीत सूर लावायची आणि पुढे बसलेल्या बायांची कुजबुज थांबायची. त्या वयात मला वाटायचं की लोक माझ्या शब्दांना माना डोलावताहेत. खरंच वाटायचं. त्यात सोंग नव्हतं, एवढंच मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकतो.

मी एकवीस वर्षांचा असताना आमची कॅसेट निघायचं ठरलं. तेव्हा गायन पार्टीची कॅसेट निघणं म्हणजे मोठी गोष्ट. जुन्या जालन्यात एका दुकानाच्या माडीवर खोली होती, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद. घामानं आम्ही ओलेचिंब. रेकॉर्डिंगवाला जाड भिंगांचा चष्मा लावलेला, कमी बोलणारा माणूस होता. पहिलं गाणं झालं आणि तो काचेमागून बाहेर आला. मला वाटलं, चालीबद्दल काही बोलेल.

"पेटी जरा मागं घ्या," तो म्हणाला. "बाईंचा आवाज झाकून राह्यला."

मी पेटी मागे सरकवली. चारही गाणी झाली. खाली चहा पिताना त्यानं बशीत फुंकर मारत अक्काला विचारलं, "कुठं शिकलात?" अक्का लाजली. तो रफिककडे वळून म्हणाला, "पेटीवाला काय, गल्लीत एक मिळतो. हा गळा जपा तुम्ही लोक."

रफिक खुशीत हसला. अक्काचं हसू मात्र गेलं. ती लगेच म्हणाली, "असं नका म्हणू साहेब. त्याची पेटी हाय म्हणून मी गाती. दुसऱ्याच्या पेटीवर मला जमायचं न्हाई."

ती माझी बाजू घेत होती. मला ते रेकॉर्डिंगवाल्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. परतीच्या गाडीत तिनं मला खिडकीजवळ बसवलं. मी अंबडपर्यंत एक शब्द बोललो नाही. "काय झालं रे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काही न्हाई, डोकं दुखून राह्यलं." तिनं पदर बाटलीतल्या पाण्यानं ओला केला आणि माझ्या कपाळावर धरला. घनसावंगी येईपर्यंत धरून ठेवला.

यानंतर तीनेक आठवड्यांनी तिला पाहायला पाहुणे आले. स्थळ केदारखेड्याचं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं. मुलगा मास्तर, त्याचे वडीलही निवृत्त मास्तर, वागण्या-बोलण्यात कडक. आमच्या समाजात तेव्हा शिकलेलं, नोकरीचं घर म्हणजे सोन्याचं ताट. मायनं सकाळपासून अंगण दोनदा सारवलं. बाबांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं आणि धुतलेला शर्ट घालून ते दारात उभे राहिले. पोहे झाले, नाव, शिक्षण, मूळ गाव विचारून झालं. मुलगा मान खाली घालून बसला होता. अक्का चहा आणायला आत गेली तशी त्याच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"एक विचारायचंय," ते म्हणाले. "पोरगी पार्टीत गाती म्हणं. कानावर आलं आमच्या. गाणं वाईट असं मी म्हणत न्हाई, पण आमच्या घरच्या बाईनं गावोगाव फिरून गायलेलं आम्हाला चालायचं न्हाई. तसं असंल तर आत्ताच सांगा. मागून कटकट नको."

बाबांनी खाकरून गळा साफ केला. बाबांना अक्काच्या गाण्याचा फार अभिमान होता. लोकांच्या बांधकामावर बांबूंच्या परांचीवर चढून ते तिची गाणी गुणगुणायचे. ते काहीतरी बोलणार होते, हे मला दिसत होतं. काय बोलणार होते ते मला कधीच कळलं नाही, कारण शब्द सापडेना तसे त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पार्टी ह्या पोराची हाय," ते म्हणाले. "तो सांगंल."

मी सांगितलं. अडखळलोसुद्धा नाही. "अक्का कोरसला असती. माणूस कमी पडलं तर मागं उभी राहती. गाणं मी म्हणतो."

"म्हणजे मुख्य गाणारी न्हाई?"

"बिलकुल न्हाई. आणि लग्नानंतर तर प्रश्नच न्हाई. माझा शब्द."

पाहुण्यांचे चेहरे सैलावले. बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि हाताला चिकटलेला चुना नखानं काढू लागले. हातावर चुना नव्हता, धुतलेले होते हात. आतल्या खोलीच्या दारात चहाचा ट्रे घेऊन अक्का उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती पुढे आली, सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला. कप नीट माझ्या हातात येईपर्यंत तिनं बशी सोडली नाही.

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की मी स्थळ वाचवलं. खरं बोललो असतो तर ते लोक उठून गेले असते, अक्का घरात बसली असती, आईबापाला घोर लागला असता. रचना चांगली होती. मी गाणी लिहिणारा माणूस, मला रचना जमते.

पण त्याच्या पुढचं जे मी केलं त्याला ही रचना पुरत नाही. लग्न ठरल्यावर मी बाबांना म्हणालो, आता तिच्या आवाजात कॅसेट निघाली तर आपण खोटे पडू. गाणी पुन्हा भरावी लागतील. बाबांनी थापी उचलली आणि ते कामावर गेले. मी रफिकला घेऊन जालन्याला गेलो आणि चारही गाणी काळी एकच्या पट्टीत उतरवून माझ्या आवाजात भरली. कोरससाठी अक्कालाही नेलं. होय, नेलं. ती आली. गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत ती दोन कोरसवाल्यांच्या मधे उभी राहिली आणि मी ओळ म्हटली की मागून तीच ओळ म्हणत राहिली, आवाज दाबून, माझ्यापेक्षा मोठा होऊ नये अशा बेतानं. मी पाहुण्यांना जे खोटं सांगितलं होतं ते त्या दिवशी मी खरं करून घेतलं. रेकॉर्डिंगवाल्यानं भिंगांतून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. पेटी मागे घ्या, पुढे घ्या, काहीच म्हणाला नाही.

रफिकनं ढोलकी चोख वाजवली. खाली आल्यावर त्यानं ढोलकीला खोळ चढवली आणि म्हणाला, "भाई, मैं आपा को देख के बजाता था. तुम्हारे साथ अब मेरे से नहीं होता." मी म्हणालो, असं काय करतो, आता तर कॅसेट येईल, कार्यक्रम वाढतील. तो अक्काच्या पाया पडला आणि स्टेशनकडे चालायला लागला. पुढे तो जालन्यातच एका लोखंडाच्या कारखान्यात लागला. कॅसेट निघाली. तिचं काय झालं यात लिहिण्यासारखं काही नाही. पहिल्याच जयंतीला एका म्हातारीनं भर कार्यक्रमात विचारलं, "ती पोरगी कुठाय रे? तिला बोलवा की." दोन वर्षांत पार्टी मोडली. मी नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत कारकून झालो आणि तिथूनच निवृत्त झालो.

अक्काचा संसार चांगला झाला. भावजी मवाळ माणूस होते. सणावाराला मी केदारखेड्याला जायचो, ती माझ्यासाठी धपाटे करायची, वरून दही, निघताना पिशवीत शेंगदाण्याची चटणी. तिला दोन मुलं झाली, सुना आल्या, भावजी गेले. इतक्या वर्षांत तिच्या घरी मी गाण्याचा विषय काढला नाही आणि तिनंही नाही. मीच हळूहळू समजूत करून घेतली की ती विसरली.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी माझ्या फोनवर रफिकचा निरोप आला. आम्ही एकाच शहरात राहतो, लग्नकार्यात दिसलो तर सलाम-जयभीम होतो, तेवढंच. निरोपात अक्षर नव्हतं, फक्त एका गाण्याची लिंक. उघडली तर समोर अक्का. पांढरे केस, चष्मा, अंगणात खुर्चीवर बसलेली, मागे पाण्याची टाकी. खाली लिहिलं होतं: शकुंतलाबाईंचं पहिलं गाणं. ना पार्टीचं नाव, ना कुणाचा आधार. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा.

मी मन घट्ट करून बसलो. मला वाटलं, रडगाणं असेल. दडपलेला गळा, वाया गेलेली वर्षं. मी त्यात कुठे ना कुठे असेनच. आणि अक्का गायला लागली:

मोसंबीच्या बागंमधी बाया आल्या नऊ,
एक म्हणती तोडू बाई, एक म्हणती खाऊ.
मालक पुसं, पाटी कशी हलकी झाली बाई?
हाताला या वास येतो, तोंड बोलत न्हाई.

मोसंबी तोडायला गेलेल्या बायांचं गाणं होतं. खट्याळ, हसरं. आता तिची पट्टी पांढरी चारवर उतरली आहे, वरच्या सुराला आवाज किंचित फाटतो. पण ती तो लपवत नाही, त्या फाटक्या जागेवर जरा थांबते आणि हसते, आणि ते हसणं सुरातच येतं. 'बाई'वर ती जी हरकत घेते ती मी जन्मात लिहू शकलो नसतो. 'न्हाई' म्हणताना मान अशी हलवते की नऊच्या नऊ बाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मागे पेटी नाहीच, नुसती हलगी. मी गाणं चार वेळा ऐकलं. एकेका शब्दाला कान लावला, स्वतःला शोधलं. 'तोंड बोलत न्हाई' या ओळीपाशी आशेनं थांबलो, होय, आशेनंच. पण ते तोंड मोसंबी खाल्लेल्या बाईचं होतं. माझ्याबद्दल तिच्या गाण्यात तक्रारसुद्धा नव्हती.

माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून येऊन मागे उभी राहिली होती. "अगंबाई, ह्या अक्का?" ती म्हणाली. "इतकं छान गातात? एवढ्या वर्षांत तुम्ही कधी बोलला न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. गाणं फार सुंदर झालंय म्हणालो, अंतरा कसा खुलतो ते सांगितलं, हरकतीचं कौतुक केलं. जाणकाराच्या आवाजात बोललो.

"बरं वाटलं," अक्का म्हणाली. "साक्षीनं केलं समदं. नात माझी, कालेजात शिकती. मी भाजी निवडताना म्हणत होते, ते तिनं ऐकलं, हलगीवाला बोलवला आन् फोन धरला."

"पुढच्या गाण्याला पेटी लागली तर सांग. मी येतो."

"पाहू. ह्या गाण्याला पेटी बसत न्हाई."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. "अक्का," मी म्हणालो, "पाहुणे आल्ते त्या दिवशी मी जे बोललो..."

"मी दारातच होते," ती म्हणाली.

"मला वाटलं, स्थळ मोडंल."

पलीकडे कुणीतरी बादली ओढत होतं. "ह्यांनी मला लग्नाच्या वर्षभरानं विचारलं होतं," ती सावकाश म्हणाली. "मी घरी गुणगुणत होते, ते ह्यांनी ऐकलं. म्हणले, तुझ्या भावानं खोटं कामून सांगितलं? ह्यांनी एका जयंतीला ऐकलं होतं मला. म्हणून तर स्थळ घेऊन आल्ते. बापाला कसंबी राजी करणार होते. पण तू शब्द देऊन बसला. मामंजी म्हणायचे, पोरीच्या भावानं शब्द दिलाय, आता घराण्याच्या शब्दाचा प्रश्न हाय. ते होते तोवर ह्यांचं काही चाललं न्हाई. मंग ते गेले, तोवर लेकरं, मंग हे आजारी पडले."

"तू मला कधी बोलली न्हाईस," मी म्हणालो.

"तू कधी विचारलंस?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो घेतला असता. "चल, ठेवते आता. शेजारच्या बाया आल्यात. दुसरं गाणं बसवून राह्यलो आम्ही. सुनंदाला सांग, धपाट्याचं पीठ पाठवते."

मी फोन ठेवला. मग ते गाणं पुन्हा उघडलं. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. कुणी परभणीहून, कुणी पुण्याहून. एका बाईनं लिहिलं होतं, आजी, माझी माय आठवली. रफिकनं लिहिलं होतं, आपा, सलाम. आपणही लिहावं असं मला वाटलं. हे सगळं लिहावं, सगळ्यांपुढे, माझं नाव घालून. अर्धा तास बोटानं अक्षरं जुळवली आणि पुसली. शेवटी एवढंच लिहिलं, 'फार सुंदर गायलात.' अक्काला मी जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तिथं केलं.

संध्याकाळी उत्तर आलं. साक्षीनं लिहिलं असणार, ती सगळ्यांनाच लिहीत होती. ती मला जालन्याचे आजोबा म्हणून ओळखते, माझं कागदावरचं नाव तिला ठाऊक नसावं. लिहिलं होतं, 'मनापासून आभार, सर. आजीचं गाणं पहिल्यांदाच ऐकताय का?'

मी लिहिलं, 'हो.'